व्यायल्यावरच गाय आजारी का पडते?

“गाभण होती तोवर शिंकसुद्धा आली नाही. व्याली, आणि पंधरा दिवसांत खचली. असं का होतं?”

दुभती गाय पाळणाऱ्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. एका गाईची वार अडकते. दुसरीला दगडी, म्हणजे कासदाह होतो. तिसरी खाणं सोडते, दूध निम्म्यावर येतं आणि डॉक्टरांना ताप सापडत नाही. चौथी सगळ्यांतून वाचते, पण तीन-चार महिने माजावरच येत नाही. नावं चार असल्यामुळे आपण त्यांना चार आजार मानतो आणि चार औषधं विचारतो. पण हे चारही बहुतेक वेळा एकाच सुमारास येतात, आणि त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. त्या मुळाशी दोन गोष्टी आहेत: गाईच्या पोटात जाणारी ऊर्जा आणि तिच्या अंगातली रोगाशी झगडण्याची ताकद. या दोन्ही एकाच साठ्यावर चालतात, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

१. सहा आठवड्यांचा अवघड काळ

व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे, या काळाला पशुवैद्य संक्रमणकाळ म्हणतात. दुभत्या गाईच्या वर्षातला हा सर्वांत धोक्याचा भाग.

या दिवसांत गाईच्या अंगात दोन गोष्टी उलट्या दिशेने चालतात. पोटातलं वासरू शेवटच्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढतं, त्याला अन्न लागतं; पण गाईची भूक मात्र व्यायचा दिवस जवळ येईल तशी घटत जाते. शेवटच्या आठवड्यांत तिचं खाणं जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होऊ शकतं. व्यायल्यावर दूध रोज वाढतं आणि साधारण दीड महिन्यात कळस गाठतं. भूक त्या वेगाने वाढत नाही. पोटभर खायला लागायला तिला अडीच-तीन महिने लागतात. मधल्या काळात जितकी ऊर्जा दुधावाटे बाहेर जाते तितकी तोंडावाटे आत येत नाही. ही तूट म्हणजेच ऊर्जेचा उणे ताळेबंद.

थोडी तूट बहुतेक सस्तन माद्यांना येते. निसर्गाने आईच्या अंगावर चरबी ठेवली ती त्यासाठीच. गावठी गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते. तिची तूट किरकोळ असते आणि अंगावरची चरबी ती सहज भरून काढते. बारा-पंधरा लिटरच्या संकरित गाईचं तसं नाही.

२. महागावच्या गोठ्यातला हिशेब

आकडे मांडून पाहू. ऊर्जा मोजण्याचं माप मेगाकॅलरी. एक मेगाकॅलरी म्हणजे एक हजार किलोकॅलरी. आपल्या बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेल्या असतात त्याच या.

चारशे किलो वजनाची संकरित गाय धरा. व्यायल्याला दोन आठवडे झालेत, दूध बारा लिटर. नुसतं जगायला, म्हणजे श्वास, रक्ताभिसरण, चालणं-उठणं याला तिला रोज सुमारे ७ मेगाकॅलरी लागतात. एका लिटर दुधात पाऊण मेगाकॅलरी जाते. बारा लिटरचे ९. एकूण गरज १६.

आता गव्हाणीत काय आहे ते पाहा. महागाव तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पूस आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला. शेती कपाशी, सोयाबीन आणि तुरीची. जिथे पाणी आहे तिथे ऊस; गुंजचा साखर कारखाना याच तालुक्यातला. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबाही घटला, आणि गव्हाणीत सोयाबीनचं, तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं कुटार आलं. समजा आपल्या गाईला पाच किलो कुटार, दहा किलो हिरवा चारा आणि तीन किलो सरकी ढेप व पशुखाद्य मिळतं. कुटाराने पोट भरतं, पण एका किलोतून एक मेगाकॅलरीही मुश्किलीने निघते. हिरव्या चाऱ्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच. ऊर्जा खरी येते ती ढेपेतून आणि खाद्यातून. सगळं जमेला धरलं तर १२ मेगाकॅलरीच्या आसपास बेरीज जाते.

गरज १६, जमा १२. रोजची तूट ४. ही तूट भरायला रोज अर्धा किलोपेक्षा थोडी जास्त चरबी वितळवावी लागते. तीन आठवड्यांत दहा-बारा किलो. बरगड्या दिसायला लागतात, माकडहाडाच्या बाजूला खळगे पडतात. मालकाला वाटतं, दूध चांगलं देतेय म्हणून वाळली असेल. त्याचं म्हणणं खरं आहे. पण ती वाळतेय तेव्हा आत काय चाललंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा हिशेब न मांडता गाय आणली तर काय होतं, ते या जिल्ह्याने एकदा पाहिलं आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होता. जोडधंदा म्हणून निम्म्या अनुदानावर जास्त दुधाच्या गाई देण्यात आल्या. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त या गाईंविषयी लिहिलं: चाऱ्या-पाण्याचा खर्च दुधाच्या पैशांतून निघेना, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला गाय पोसणं जड गेलं. दोष गाईच्या जातीचा नव्हता, शेतकऱ्याचा तर नव्हताच. बारा लिटरची गाय दिली आणि तिला लागणाऱ्या सोळा मेगाकॅलरी कुठून येणार, हे योजनेत कुणी पाहिलं नाही. पुढे २०१६ च्या सुमारास राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प आला, तेव्हा दूध संकलनाबरोबर चारा, खनिज मिश्रण आणि संतुलित आहाराचा सल्लाही कामात धरला गेला. ही सुधारणा मोलाची आहे, कारण गाय देण्याआधी सोडवायचा प्रश्न गव्हाणीचा आहे.

३. चरबी यकृतात का अडकते

अंगावरची चरबी वितळली की ती रक्तातून यकृताकडे जाते. यकृत तिचं तीनपैकी एक काहीतरी करतं: पूर्ण जाळून ऊर्जा काढतं, अर्धवट जाळून ‘कीटोन’ नावाचे पदार्थ बनवतं, किंवा स्वतःच्या पेशींत साठवून ठेवतं. चरबीचं पॅकिंग करून ती पुन्हा बाहेर पाठवण्याचं काम माणसाचं यकृत बऱ्यापैकी करतं. गाईचं यकृत त्यात फार कमी पडतं.

कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आवारात काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. यंत्राची दिवसाची ताकद ठरलेली. गाड्या त्याहून जास्त येऊ लागल्या की कापसाची गंजी आवारात चढत जाते, वाट बंद होते आणि शेवटी यंत्राचंच काम अडतं. व्यायलेल्या गाईच्या यकृतात चरबीची अशीच गंजी लागते. जितकी चरबी साठते तितकं यकृताचं बाकीचं काम मंदावतं, आणि त्यातलं एक काम फार महत्त्वाचं आहे: साखर बनवणं. त्याकडे पुढच्या भागात येतो.

कीटोन थोडे असले तर हृदय आणि स्नायू ते जाळून टाकतात. फार झाले तर भूक मरते. भूक मेली की तूट वाढते, तूट वाढली की आणखी चरबी वितळते. या चक्राचं नाव कीटोसिस; मराठी पशुवैद्यकीय पुस्तकांत त्याला कितनबाधा म्हणतात. गाय आंबोण टाकून नुसता कडबा चघळते, शेण घट्ट होतं, श्वासाला आणि दुधाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. पण अशी उघड लक्षणं थोड्याच गाईंत दिसतात. पुष्कळ गाईंत रक्तातले कीटोन वाढलेले असतात आणि वरून काहीच कळत नाही. दूध एक-दोन लिटरने कमी येतं, एवढंच.

इथे दूध संकलन केंद्राची पावती उपयोगी पडते. एका-दोघी गाईंचं दूध घालणाऱ्याची पावती ही जवळजवळ एका गाईचीच तपासणी असते. चिकाचे दिवस संपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फॅट एकदम चढलं आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घसरलं, तर भाव चांगला मिळतो म्हणून घरात आनंद होतो. पण वितळलेली चरबी कासेतूनही बाहेर पडते. त्या दिवसांत चढलेलं फॅट पुष्कळदा गाईच्या अंगावरचंच असतं. अशी पावती दिसली की डॉक्टरांना विचारावं. लघवीत किंवा दुधात पट्टी बुडवून कीटोन तपासता येतात, रक्ताचा एक थेंबही पुरतो.

४. साखर कुणाला मिळते?

दुधातला गोडवा लॅक्टोजचा. लॅक्टोज बनतं ते रक्तातल्या साखरेपासून, म्हणजे ग्लुकोजपासून. एक लिटर दुधाला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. बारा लिटरना ८४० ग्रॅम.

आता चारशे किलोच्या गाईच्या सगळ्या रक्तात एका वेळी किती ग्लुकोज असतं? रक्त तीसेक लिटर, आणि प्रत्येक लिटरमध्ये अर्धा ग्रॅम किंवा थोडं जास्त. पंधरा-वीस ग्रॅम. पाव लिटर दूध झालं की संपलं. म्हणजे यकृताला दिवसरात्र नवी साखर बनवत राहावं लागतं. ती आयती मिळत नाही. गाईने खाल्लेली साखर आणि पिठूळ पदार्थ तिच्या मोठ्या पोटातले जंतूच खातात आणि त्यांची आम्लं करतात. त्यांतल्या प्रोपिओनेट नावाच्या आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करतं. गाय कमी खाते तेव्हा हे आम्ल कमी, म्हणून साखर कमी. चरबीपासून ही उणीव भरून निघत नाही: चरबी जाळून ऊर्जा मिळते, पण तिच्यातल्या मुख्य भागाचं ग्लुकोज बनत नाही.

अशा तुटपुंज्या साखरेवर पहिला हक्क कासेचा. व्यायल्यावर गाईच्या रक्तातलं इन्सुलिन उतरतं. स्नायूंना आणि चरबीला साखर घ्यायला इन्सुलिन लागतं, त्यामुळे त्यांची दारं अर्धी बंद होतात. कासेला ते लागत नाही. तिचं दार उघडंच. वासरू आधी, आई नंतर, असा हा लाखो वर्षांचा क्रम आहे. माणसाने निवड करून दूध पाचपट केलं, पण क्रम तोच राहिला.

आणखी एक गिऱ्हाईक याच साखरेवर जगतं. गाईच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू शिरला की सर्वांत आधी त्या पोचतात, त्याला गिळतात आणि आतल्या आत तीव्र रसायनं सोडून मारतात. हे सगळं काम प्रामुख्याने ग्लुकोजवर चालतं. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात लान्स बाउमगार्ड यांच्या गटाने दुभत्या होल्स्टीन गाईंना जंतूंच्या कवचातला विषारी पदार्थ टोचून मोजमाप केलं. रोगप्रतिकारक यंत्रणा पूर्ण जागी झाल्यावर बारा तासांत तिने एक किलोहून जास्त ग्लुकोज वापरलं. आपल्या गाईचं दिवसभराच्या दुधाचं ग्लुकोज ८४० ग्रॅम, हे आठवा. संसर्ग झालेल्या गाईचं दूध एकाएकी का उतरतं, त्याचं मोठं उत्तर या आकड्यात आहे.

आयोवातल्याच एम्स गावी राष्ट्रीय पशुरोग केंद्र आहे. तिथे मार्कस केर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की व्यायच्या आगेमागे या पेशींची मारक ताकद ठळकपणे खाली जाते. पण हे बाळंतपणाच्या संप्रेरकांमुळे की दुधामुळे? याचा निवाडा करण्यासाठी तिथल्याच किमुरा, गॉफ आणि केर्ली यांनी काही गाईंची कास शस्त्रक्रियेने आधीच काढली आणि त्यांना व्यायला दिलं. व्यायच्या वेळी ताकद दोन्ही गटांत घसरली, म्हणजे संप्रेरकांचा हात होताच. पण कास नसलेल्या गाई आठवडाभरात सावरल्या, आणि कास असलेल्या गाईंच्या पेशी तीन आठवड्यांच्या सुमारापर्यंत अशक्तच राहिल्या. दूध देण्याचा भार गाईच्या प्रतिकारशक्तीवर किती पडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

वार अडकण्याचंही कोडं याच गटाने बऱ्याच अंशी सोडवलं. वार म्हणजे वासराचा भाग. वासरू बाहेर आल्यावर ती आईच्या शरीराला परकी ठरते, आणि तिची गर्भाशयाशी असलेली पकड सोडवण्याच्या कामात याच पांढऱ्या पेशी असतात. ज्या गाईंची वार अडकली त्यांच्या पेशी व्यायच्या आधीपासूनच मंद होत्या, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून अडकलेल्या वारेला दगड बांधणं किंवा हात घालून ती ओढून काढणं चूक आहे. ओढल्याने गर्भाशयाला जखमा होतात, आणि त्या जखमांतून आत शिरणाऱ्या जंतूंना रोखायला लागतात त्या नेमक्या याच थकलेल्या पेशी. बारा ते चोवीस तास उलटले, किंवा ताप, दुर्गंधी, खाणं बंद असं दिसलं, तर डॉक्टर.

यात एक वाद अजून मिटलेला नाही, आणि तो वाचकांना सांगायला हवा. तूट येते म्हणून प्रतिकार ढळतो, हे वर्षानुवर्षांचं मत. बाउमगार्ड आणि त्यांचे सहकारी अलीकडे म्हणतात, पुष्कळ वेळा उलटंही होत असेल: आधी गर्भाशयात, कासेत किंवा आतड्यात दाह पेटतो, तो साखर खातो, भूक मारतो, आणि वाढलेले कीटोन हा त्याचा परिणाम असतो. माझ्या मते गोठ्यापुरतं दोन्ही बाजूंचं सांगणं एकाच ठिकाणी येतं. खाणं सुटू देऊ नका आणि घाण साचू देऊ नका. फक्त चारा सुधारून ओल्या, शेणाने भरलेल्या जागेत गाय व्यायला बांधली तर काम अर्धंच होतं.

५. कॅल्शियम

हे थोडक्यात. चिकाच्या एका लिटरमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. गाईच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. हाडांतून ते काढायला शरीराला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. सलाईनमधून कॅल्शियम डॉक्टरांनीच सावकाश द्यायचं असतं. घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. पण गाय बसली नाही तरी कॅल्शियम कमी असू शकतं. मग गर्भाशय नीट आकसत नाही, सडाचं तोंड लवकर मिटत नाही, आणि पांढऱ्या पेशींनाही काम सुरू करायला कॅल्शियमचाच इशारा लागतो. धार काढल्यावर गाईपुढे लगेच चारा टाकावा, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते आणि उघडं सड शेणात टेकत नाही.

उसाच्या वाढ्यांबद्दल इथेच सांगतो, कारण गुंज आणि सवनाच्या बाजूला हंगामात वाढे भरपूर मिळतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढे वर्ज्य नाहीत, पण त्यांच्यावरच गाय काढू नये, आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

६. गोठ्यात काय करायचं

काम व्यायच्या दोन महिने आधी सुरू होतं. दूध आटवून गाईला साठ दिवस विश्रांती द्या. पुष्कळ ठिकाणी आटलेली गाय, म्हणजे दूध नाही, म्हणून तिला नुसतं कुटार पडतं. ती व्यायते तेव्हा अंगावर काहीच नसतं. दुसऱ्या टोकाला, ढेप चारून तुंब लठ्ठ केलेली गाय व्यायल्यावर कमी खाते आणि तिची चरबी धो-धो वितळते. बरगड्या हाताला लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत, इतपत अंग बरं.

शेवटचे तीन आठवडे आंबोण हळूहळू वाढवा: अर्धा किलोपासून दोन किलोपर्यंत, आणि तेच मिश्रण द्या जे व्यायल्यावर द्यायचं आहे. पोटातल्या जंतूंना नव्या खाण्याशी जुळायला तेवढा वेळ लागतो. व्यायल्या दिवशी एकदम पाच किलो भरडा किंवा पाटीभर शिजलेला भात घातला तर पोटात आम्ल साचून गाय मरणाच्या दारी जाते. व्यायलेल्या गाईला गूळ, सुंठ, ओवा घालून कोमट पातळ घुगरी देण्याची रीत चांगली आहे. पाणी पोटात जातं, थोडी ताकद येते. पण वर पाहिलं तसं, त्या गुळाचा बहुतेक भाग पोटातले जंतूच वापरतात. कीटोसिस असेल तर गुळावर विसंबू नये. त्यासाठी पशुवैद्य प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचं औषध दिवसाला साधारण ३०० मिली याप्रमाणे काही दिवस पाजायला सांगतात. यकृत त्यापासून थेट ग्लुकोज बनवतं.

पाणी पाटीत सतत हवं. एका लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं, आणि यवतमाळच्या मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त. तहानलेली गाय खात नाही.

वासराला चीक पहिल्या तासाभरात पाजा. वार पडेपर्यंत थांबायची जुनी समजूत आहे, ती सोडलीच पाहिजे. वासराच्या रक्तात जन्मतः रोगाशी झगडणारी तयार द्रव्यं जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात, आणि ती आत घेण्याची त्याच्या आतड्याची ताकद पहिल्या दिवसातच संपते. शिवाय वासरू पिताना गर्भाशय आकसतं, त्याने वार पडायला मदतच होते. आजारपणात शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

राहता राहिली गाय कधी व्यावी, ही गोष्ट. चैत्र-वैशाखात व्यायलेल्या गाईपुढे चारा नसतो आणि उन्हाने भूकही नसते. सगळ्या तुटी एकदम येतात. आश्विन-कार्तिकात व्यायलेल्या गाईला पावसाळ्यातल्या मक्याचा मुरघास, बांधावरचं गवत, नव्या ज्वारीचा कडबा आणि कारखाना सुरू झाला की वाढे, सगळं मिळतं. गाईचे दिवस नऊ महिने नऊ दिवसांच्या आसपास. म्हणजे भरवण्याची वेळ पौष-माघातली. सुरुवातीच्या चौथ्या गाईचं उत्तरही इथेच आहे: जी गाय मागच्या वेताला तुटीत फार खचली नसेल, तीच तोवर वेळेवर माजावर आलेली असते.